वरती इंग्रजी, खाली स्पॅनिश

एका स्वयंपाकघराचे चित्र आहे. टेबलाभोवती घरातली झाडून सारी माणसे जमलेली आहेत आणि एकही हात रिकामा नाही. निळ्या कपड्यांतले आजोबा आणि त्यांच्या शेजारी उभ्या राहिलेल्या दोन नाती मक्याच्या कणसांची वाळलेली पाने पाण्यात भिजवत आहेत; आई त्या पानांवर मक्याचे भिजवलेले पीठ पसरते आहे; काका आणि काकू त्या पिठावर मांसाचे सारण घालत आहेत; आणि गुंडाळून दुमडलेले ‘तमाल’ हे मेक्सिकन खाद्य उकडण्यासाठी नीट रचून ठेवण्याचे काम आजीने स्वतःकडे घेतले आहे. समोरच्या पानावर याच चित्राविषयी थोडासा मजकूर आहे, वरती इंग्रजीत आणि खाली स्पॅनिशमध्ये. काही घरांत तमाल फक्त बायका करतात, आमच्या घरात मात्र सगळे हात लावतात, असे त्यात शेवटी सहज सांगून टाकले आहे.

हे चित्र कार्मेन लोमास गार्झा यांचे आहे आणि ते त्यांच्या ‘फॅमिली पिक्चर्स / क्वाद्रोस दे फामिलिया’ या १९९० साली आलेल्या पुस्तकात आहे. गार्झा यांचा जन्म १९४८ सालचा, टेक्सासच्या दक्षिण टोकाकडील किंग्जव्हिल या गावातला. मेक्सिकोची सरहद्द तेथून मोटारीने काही तासांच्या अंतरावर आहे, आणि पुस्तकातल्या एका चित्रात तर मैत्रिणींबरोबर सरहद्दीपलीकडच्या रेनोसा गावच्या जत्रेला गेल्याची आठवणही आहे. पुस्तक काढले ते सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘चिल्ड्रन्स बुक प्रेस’ या छोट्या, नफा न कमावणाऱ्या प्रकाशनसंस्थेने. हॅरिएट रोमर यांनी १९७५ मध्ये ती सुरू केली, तेव्हा अमेरिकेतल्या मोठ्या प्रकाशकांच्या बालपुस्तकांत मेक्सिकन घरातले मूल शोधूनही क्वचितच सापडत असे. २०१२ मध्ये ही संस्था ‘ली अँड लो’ या प्रकाशनाकडे गेली आणि तिची पुस्तके त्यांच्या यादीत दाखल झाली.

तमालाविषयी दोन शब्द सांगितल्याशिवाय पुढे जाणे मला जमणार नाही. मका चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, रात्रभर तसाच मुरू द्यायचा, मग धुऊन वाटायचा, ही मेक्सिकोतली अतिप्राचीन रीत आहे. चुन्यामुळे दाण्याचे टरफल सुटते, पीठ एकजीव होते आणि मक्यात अडकून पडलेले नायासिन हे जीवनसत्त्व अंगी लागते. ज्या देशांनी मका घेतला पण त्याबरोबर ही रीत घेतली नाही, तेथील मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा या रोगाने ग्रासले. मराठी वाचकाला या मक्याशी जोडणारा एक जुना धागाही आहे. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग सदाशिव खानखोजे परागंदा होऊन मेक्सिकोत पोहोचले, चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवू लागले आणि मक्याच्या वाणांवर त्यांनी संशोधन केले. मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेरा यांनी आपल्या भित्तिचित्रात त्यांना स्थानही दिले. गार्झा यांच्या चित्रातली आजी हे सारे शास्त्र जाणत असण्याचे कारण नाही, तिला फक्त पीठ कसे हाताला लागले पाहिजे हे ठाऊक आहे आणि चित्रात तेवढेच दिसते.

गार्झा यांची शैली पहिल्या नजरेला लहान मुलाने काढल्यासारखी वाटते. माणसे छोटी, अंगाने सपाट, सगळी सारख्याच प्रकाशात उभी. पुढचे मोठे आणि मागचे धूसर असा भेद नाही. भिंतीवरचे कॅलेंडर, फरशीचे चौकोन, कुंडीतले पान, सारे सारख्याच निगुतीने रंगवलेले. त्यावरून त्यांना अशिक्षित लोकचित्रकार समजणारे समीक्षक भेटतात, पण गार्झा यांनी विद्यापीठात कलेचे रीतसर शिक्षण घेतलेले आहे आणि ही शैली त्यांनी समजून-उमजून निवडलेली आहे. छायाप्रकाशाच्या नाट्यात कोणीतरी एक नायक होतो आणि बाकीचे मागे सरकतात. येथे तसे होत नाही. घरात जेवढी माणसे आहेत तेवढी सगळी चित्रात आहेत आणि प्रत्येकाला पाहायला डोळ्यांना वेळ मिळतो. लहान मुले असे चित्र फार वेळ पाहतात, कारण मजकूर संपला तरी चित्र संपलेले नसते.

या पुस्तकातले मला सर्वांत आवडणारे चित्र मात्र तमालांचे नाही. आजीआजोबांच्या परसात आजी रविवारच्या जेवणासाठी कोंबडी मारते आहे. आजोबा खुराड्यात शिरून दुसरी पकडण्याच्या खटपटीत आहेत. निळ्या झग्यातली लहानगी कार्मेन आणि तिचा धाकटा भाऊ जागच्या जागी उभे आहेत, आणि भावाच्या हातातला बर्फाचा गोळा विस्मयाने कलंडून सांडू लागला आहे. आजी कोंबड्या पाळते हे मला ठाऊक होते, पण कोंबडीचे सूप कसे होते हे ठाऊक नव्हते, अशा अर्थाचे लेखिकेचे सांगणे आहे. घाबरवणे नाही, समजूत घालणे नाही, आजीच्या वतीने कोणतेही स्पष्टीकरण नाही. मुलांना दाखवू नये अशी एक गोष्ट घरात नेहमीच घडत असते आणि मुले ती नेहमीच पाहतात. बालसाहित्याच्या सोवळ्या बाजारात हे पान कसे सुटले, याचे मला आश्चर्य वाटते. बहुधा संस्था लहान होती म्हणूनच सुटले असावे.

असेच दुसरे पान फड्या निवडुंगाचे. वसंत ऋतूच्या सुरुवातीला आजोबा साऱ्यांना रानात नेत, आई आणि आजोबा निवडुंगाचे कोवळे फडे कापून खोक्यांत भरत, खोक्यांच्या तळाशी अंथरायला आजी आणि भाऊ मेस्कीटच्या झाडाचा पाला ओरबाडत. घरी आल्यावर काटे तासायचे, फडे अर्धवट उकडायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लाल तिखट आणि अंडी घालून परतायचे. हा सारा तपशील दोन्ही भाषांत आठ-दहा वाक्यांत मावला आहे. दुसरीकडे एका पानावर वैदूबाई आजारी माणसाच्या खाटेशी उभी आहे. आणखी एका पानावर रस्त्यावर खडूने आखलेल्या चौकोनांवरून लोक संगीताच्या तालावर फिरत आहेत, आणि जो बरोबर चौकोनावर थांबेल त्याला केक मिळणार आहे. हा खेळ मेक्सिकन-अमेरिकन मुलांना विद्यापीठात पाठवण्यासाठी पैसे उभे करण्याकरिता आहे, हे मजकुरात सांगितलेले असते आणि चित्र पाहण्याच्या नादात आपण ते ओलांडून पुढे जातो. गार्झा यांचे आईवडील ‘अमेरिकन जी.आय. फोरम’मध्ये काम करत. दुसऱ्या महायुद्धात लढून परतलेल्या आणि तरीही गावात दुय्यम वागणूक मिळालेल्या मेक्सिकन-अमेरिकन सैनिकांची ही संघटना, डॉ. हेक्टर गार्सिया यांनी १९४८ मध्ये टेक्सासमध्येच स्थापन केलेली. म्हणजे केकच्या खेळाच्या चित्रात एक सबंध चळवळ उभी आहे, फक्त तिच्या हातात फलक नाही.

स्पॅनिश मजकूर खाली का होईना, छापला गेला, याचे महत्त्व त्या काळाकडे पाहिल्यावर कळते. टेक्सासमध्ये १९१८ च्या कायद्याने सार्वजनिक शाळांत इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतून शिकवण्यास मनाई केली होती, आणि त्या कायद्याच्या सावलीत कित्येक दशके शाळेच्या आवारात स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होत राहिली. शाळा सुटल्यावर थांबवून ठेवणे, दंड करणे, छडी मारणे, असे तिचे प्रकार होते. ‘इन माय फॅमिली / एन मी फामिलिया’ या १९९६ मधल्या आपल्या दुसऱ्या पुस्तकाच्या सुरुवातीला गार्झा यांनी याचा उल्लेख केला आहे. स्पॅनिश बोलल्याबद्दल आम्हाला शिक्षा होत असे आणि आपण जे आहोत त्याची लाज वाटायला शिकवले जात असे, असे सांगून त्या म्हणतात की आईने किंवा आजीने मायेने लावलेली कोरफड जशी भाजल्या-खरचटल्याची जखम भरून काढते, तसे माझ्या चित्रांनी करावे. कोरफडीचे नाव वाचून मी थबकले. परसातल्या कोरफडीचे पान मोडून त्याचा गर भाजल्या बोटावर लावणारी माणसे मीही पाहिलेली आहेत आणि त्यांनी कधी औषधाविषयी व्याख्यान दिलेले आठवत नाही.

कायद्याचा लंबक पुढेही हलत राहिला. संघराज्याचा द्विभाषिक शिक्षणाचा कायदा १९६८ मध्ये आला आणि तो मांडण्यात टेक्सासचेच सिनेटर राल्फ यार्बरो पुढे होते. कॅलिफोर्नियाने मात्र १९९८ मध्ये जनमताने प्रस्ताव २२७ मंजूर करून शाळांतले द्विभाषिक वर्ग जवळपास मोडीत काढले, आणि त्याच कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २०१६ मध्ये प्रस्ताव ५८ संमत करून ते बंधन उठवले. म्हणजे गार्झा यांची पुस्तके छापून आली, ग्रंथालयांत गेली, वर्गांत वाचली जाऊ लागली, आणि मध्येच त्यांतली खालची अर्धी ओळ ज्या वर्गात वाचायची तो वर्गच अठरा वर्षे अडचणीत सापडला. पुस्तक तोच मजकूर घेऊन कपाटात उभे होते. वाचायला बसणाऱ्यांची परिस्थिती बदलत राहिली.

हे पुस्तक प्रत्यक्षात कसे वाचले जाते, ते मी कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेमध्ये राहू लागल्यावर पाहिले. आमच्या भागातल्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या बालविभागात स्पॅनिश आणि द्विभाषिक पुस्तकांची स्वतंत्र कपाटे आहेत आणि दुपारी तेथे आजी-नातवंडांची वर्दळ असते. माझ्या मुलीला घेऊन मी तेथे बसत असे. एकदा शेजारच्या बाकावर सहा-सात वर्षांचा मुलगा आपल्या आजीला गार्झा यांचे पुस्तक वाचून दाखवत होता. सशाच्या चित्राशी आल्यावर त्याने इंग्रजीच्या सवयीने ‘कोनेजो’ असे वाचले. आजीने त्याच्याकडे न पाहताच ‘कोनेहो’ म्हटले. त्याने दुरुस्त करून पुढचे वाक्य वाचले, पुन्हा अडखळला, पुन्हा आजीने नीट करून दिले. मग तिने पानावर बोट ठेवून बराच वेळ काही सांगितले. मला तोडकेमोडके स्पॅनिश येते, त्यातून एवढेच समजले की तिच्या गावी ससा असा शिजवत नाहीत. मुलगा हसला आणि त्याने ते इंग्रजीत आपल्या लहान बहिणीला सांगितले.

त्या दुपारनंतर मला या पुस्तकांची रचना वेगळी दिसू लागली. द्विभाषिक पुस्तक एका मुलाला दोन भाषा शिकवण्यासाठी असते, अशी शिक्षकांची आणि बहुतेक पालकांची समजूत असते. पण ते चांगले जमलेले असेल तर ते एकाच वेळी दोन माणसांसाठी असते, आणि त्या दोघांपैकी कोणालाही सगळे येत नसते. मुलाला अक्षरे येतात पण अर्थ अर्धाच लागतो. आजीला अर्थ पुरा लागतो पण वरची इंग्रजी ओळ तिच्यासाठी बंद असते. स्पॅनिशचे लेखन उच्चाराला फार धरून चालते, त्यामुळे इंग्रजी वाचायला शिकलेले मूल थोड्या सरावाने स्पॅनिश ओळ मोठ्याने वाचू शकते, ती समजली नाही तरीसुद्धा. आवाज मुलाचा आणि समज आजीची, अशी वाटणी होते. शाळेत जाऊ लागलेल्या मुलाच्या घरात आजीचे स्थान हळूहळू पाहुणीचे होऊ लागते. या वाटणीत ती पुन्हा चुका सुधारणारी, म्हणजे अधिकाराने बोलणारी होते. चित्र तर दोघांचेही आहे. शिवाय ससा कसा शिजवावा याविषयी चित्रकाराशी वाद घालण्याचा हक्क ते आजीला देते, आणि मजकूर तो हक्क सहसा देत नाही.

याच जागी मला या पुस्तकांविषयीची पहिली तक्रार नोंदवायची आहे. गार्झा यांनी आपल्या आठवणी हॅरिएट रोमर यांना सांगितल्या, त्यांचा इंग्रजी मजकूर तयार झाला आणि रोसाल्मा सुबिसारेता यांनी त्याचे स्पॅनिश केले. भाषांतर नेटके आहे, त्याविषयी बोलत नाही. पण आजीच्या परसात जे घडले ते आधी इंग्रजीत आले आणि मग आजीच्या भाषेत परतले, आणि छपाईतही तोच क्रम पानोपान टिकला. वरचा मजकूर मूळ आणि खालचा सोयीचा, हा निरोप अक्षर न ओळखणाऱ्या मुलालाही पोहोचतो. काही प्रकाशक स्पॅनिश मजकूर तिरप्या किंवा फिकट अक्षरांत छापतात, ते तर मला अगदीच खटकते. इंग्रजी ओळ सरळ उभी आणि स्पॅनिश ओळ वाकलेली, हे दृश्य आपोआप काहीतरी शिकवत असते. कधी वरती स्पॅनिश, कधी इंग्रजी, असा क्रम आलटून-पालटून ठेवायला कागद जास्त लागत नाही.

दुसरी अडचण वाचणाऱ्यांची आहे. वर्गात शिक्षिका प्रत्येक पान आधी इंग्रजीत आणि लगेच स्पॅनिशमध्ये वाचू लागली की मुले दोन-तीन पानांतच शहाणी होतात. आपल्याला सोपी भाषा येईपर्यंत ती खुशाल खिडकीबाहेर पाहतात. मग कमजोर भाषा अधिकच कमजोर राहते आणि पुस्तक दुप्पट लांब होते ते वेगळेच. अनुभवी ग्रंथपाल म्हणून एका दिवशी सबंध पुस्तक एकाच भाषेत वाचतात, दुसऱ्या भेटीत दुसऱ्या भाषेत वाचतात, आणि मधल्या जागा चित्रांनी भरून काढतात. घरी मात्र अशी शिस्त कोणी पाळत नाही आणि पाळूही नये. घरी वाचन हे वाद, दुरुस्त्या, भुकेची कुरकुर आणि मध्येच आलेला फोन यांसकटच चालते.

दोन मजकूर एकाखाली एक लावणे हा एकच मार्ग आहे, असे नाही. गॅरी सोटो यांच्या ‘टू मेनी तमालेस’ या १९९३ मधल्या गोष्टीत, एड मार्टिनेझ यांच्या ऊबदार चित्रांसह, नाताळच्या संध्याकाळी पीठ मळताना मारिया आईची हिऱ्याची अंगठी चोरून बोटात घालते, नंतर ती आठवते तेव्हा अंगठी नक्कीच तमालांत गेली असणार अशी तिची खात्री होते, आणि सगळे तमाल खाऊन अंगठी शोधायचे काम बिचाऱ्या चुलत-मावस भावंडांच्या गळ्यात पडते. हे पुस्तक मुळात इंग्रजीत आहे, मधूनमधून स्पॅनिश शब्द येतात आणि संदर्भाने समजून जातात. गोष्ट इतकी फर्मास आहे की भाषेचा प्रश्न मनातही येत नाही, आणि तेच कदाचित तिचे मोठे यश आहे. पण ती वाचणारी आजी मात्र इंग्रजी येणारीच लागते.

युयी मोरालेस यांनी तिसरी वाट घेतली. त्या मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझ राज्यातल्या झालापाच्या. १९९४ मध्ये तान्ह्या मुलाला घेऊन त्या अमेरिकेत आल्या तेव्हा त्यांना इंग्रजी येत नव्हते. सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालयात त्यांना चित्रपुस्तकांचे जग सापडले आणि पुस्तकांतूनच त्या नवी भाषा आणि आपली कला दोन्ही शिकल्या. तीच कथा त्यांनी २०१८ मध्ये ‘ड्रीमर्स’ आणि ‘सोन्यादोरेस’ अशा दोन स्वतंत्र पुस्तकांतून सांगितली. दोन भाषा एका पानावर दाटीवाटीने बसवायच्या नसल्याने चित्राला पुरे पान मिळते, कवितेची लय मोडत नाही आणि स्पॅनिश वाचकाला आपल्या हातातले पुस्तक पूर्ण आपले वाटते. ‘ड्रीमर्स’मधली एक गोष्ट मात्र मला दरवेळी अडवते. ग्रंथालयात शिरल्यावर आई आणि मूल बिचकलेले असतात, येथील नियम काय, कशाला हात लावला तर चालेल, हे त्यांना कळत नाही. सार्वजनिक ग्रंथालयातून पुस्तक पैसे न देता घरी नेता येते, ही गोष्ट अमेरिकेत वाढलेल्या माणसाला सांगावी लागत नाही. ज्यांना सांगावी लागते त्यांच्यासाठी हे पान आहे.

पॅट मोरा यांच्या ‘तोमास अँड द लायब्ररी लेडी’ या १९९७ मधल्या पुस्तकात तर हे उलट्या दिशेने घडते. राऊल कोलोन यांच्या सोनेरी छटांच्या चित्रांतला तोमास हा टेक्सासहून आयोवापर्यंत शेतमजुरीसाठी फिरणाऱ्या कुटुंबातला मुलगा आहे. आजोबा रात्री गोष्टी सांगतात आणि तोमासला त्या पाठ झाल्या की नव्या गोष्टींसाठी ग्रंथालयात जा असे तेच सांगतात. तेथली बाई स्वतःच्या नावावर त्याला पुस्तके देते. तो इंग्रजीत वाचतो, घरी येऊन सर्वांना सांगतो, आणि बाईला स्पॅनिश शिकवतो. हा तोमास म्हणजे लेखक तोमास रिवेरा. क्रिस्टल सिटी या टेक्सासमधल्या गावी १९३५ मध्ये जन्मलेला हा शेतमजुराचा मुलगा १९७९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेचा कुलपती झाला आणि आज तेथील ग्रंथालय त्यांच्या नावाने ओळखले जाते. मोरा यांनी १९९६ मध्ये ३० एप्रिल हा मेक्सिकोतला बालदिन मुलांचा आणि पुस्तकांचा दिवस म्हणून अमेरिकेतल्या ग्रंथालयांत साजरा करण्याची प्रथा सुरू केली. त्याच वर्षी लॅटिनो बालसाहित्यासाठी पूरा बेलप्रे पुरस्कार प्रथमच दिला गेला. पूरा बेलप्रे या न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयातल्या पहिल्या पोर्टोरिकन ग्रंथपाल होत्या. चित्रांसाठीच्या पहिल्याच सन्मानयादीत ‘क्वाद्रोस दे फामिलिया’चाही समावेश होता.

अगदी अलीकडच्या पुस्तकांत तिन्ही वाटा सोडून दिलेल्या दिसतात. एल पासोचे राऊल द थर्ड यांच्या २०१९ पासूनच्या लांडग्याच्या पिलाच्या गोष्टींत सरहद्दीवरचा बाजार पानभर खदखदत असतो, दुकानांच्या पाट्या, भाज्यांची नावे, हमालांची हाकाटी स्पॅनिशमध्ये आणि सांगणे इंग्रजीत, तेही एकमेकांत सरमिसळ होऊन. सरहद्दीवरची मुले असेच बोलतात. माझ्या मुलीला हे पुस्तक गार्झांपेक्षा जास्त आवडले. मला ते दमवते, पण तिच्या आवडीपुढे माझे काही चालत नाही.

एका गोष्टीचा मला हळूहळू कंटाळा आला आहे, तीही सांगते. सप्टेंबर-ऑक्टोबरात लॅटिनो वारशाचा महिना आला की पुस्तकांच्या दुकानांत आणि शाळांत मेक्सिकन पुस्तकांचे एक टेबल सजते, आणि त्यावर पिन्याता (काठीने फोडायची, खाऊ भरलेली कागदी आकृती), कवट्या, कागदी पताका आणि प्रेमळ आजी यांची गर्दी होते. आजी नेहमी स्वयंपाकघरात, नेहमी हसरी, आणि पानाच्या शेवटी तिचा एखादा मौल्यवान संदेश. गार्झा यांच्या पुस्तकांतही पिन्याता आहे, वाढदिवसाच्या चित्रात सहा वर्षांची कार्मेन काठी उगारून उभी आहे; पण तिच्या आजीच्या हातात कोंबडीची मान आहे आणि ती कोणताही संदेश देत नाही. २०१९ मध्ये आलेल्या इसाबेल किंतेरो आणि झीक पेन्या यांच्या मोटारसायकलवरच्या बापलेकीच्या पुस्तकात सुतारकाम करणारा बाप दिवसभराच्या कामावरून परत आलेला आहे आणि दोघे कॅलिफोर्नियाच्या कोरोना गावातून फेरी मारतात, तेव्हा घरे बांधणाऱ्यांचे आणि लिंबांच्या बागांत राबलेल्यांचे गाव दिसते. टेबलावर अशी पुस्तके सहसा सणावारांच्या पुस्तकांखाली दबलेली सापडतात.

मराठी घरात ही वाट थेट घेता येत नाही, हे मला मुलीबरोबर वाचताना कळले. स्पॅनिश आणि इंग्रजीची लिपी एकच आहे. म्हणून तो मुलगा आजीला स्पॅनिश वाचून दाखवू शकला. अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी मुलाला देवनागरी येत नसेल तर मराठी ओळ त्याच्यासाठी नक्षी असते. वाचायची आईने किंवा आजीनेच. शिकवण्यासाठी म्हणून रोमन अक्षरांत मराठी छापण्याचा उपाय काहीजण सुचवतात. मला तो पसंत नाही, कारण त्यामुळे आजीचे वाचन अडखळते आणि मुलाचेही सुधारत नाही. चेन्नईच्या ‘तूलिका’ने इंग्रजीबरोबर मराठी मजकूर असलेली चित्रपुस्तके काढली आहेत आणि अमेरिकेतल्या रविवारच्या मराठी शाळांत ती कामी येतात. माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’सारखी पुस्तके तर घरातल्या माणसांविषयी इतक्या नेमकेपणाने बोलतात की त्यांना दुसऱ्या भाषेच्या आधाराची गरजच भासत नाही. तरीही दोन लिपींच्या पुस्तकात वेळेला एकच माणूस वाचतो आणि दुसरा ऐकतो, ही अडचण उरतेच. चित्र पुरेसे दाट असेल तर ती थोडी कमी होते, कारण ऐकणाऱ्याला बोट ठेवून बोलता येते. पण आपल्याकडच्या बहुतेक द्विभाषिक पुस्तकांतले चित्र इतके नीटनेटके आणि मोकळे असते की त्यावर वाद घालायला काही सापडत नाही.

म्हणून मला हवे असलेले पुस्तक अगदी वेगळ्याच दिशेने सुरू व्हायला हवे. मजकूर नंतर, आधी एक भरगच्च चित्र, ज्यात कोकणातल्या एखाद्या घराचे मागचे दार उघडे आहे, कोणी फणस चिरते आहे, कोणी तेलाचे हात पुसते आहे, एक मूल फरशीवर सांडलेल्या आठळ्या गोळा करते आहे, आणि पलीकडे दोरीवर बोंबील वाळत आहेत. मराठी ओळ वरती असावी आणि इंग्रजी खाली. आणि बोंबलांचा वास इंग्रजी वाचकाला त्रासदायक होईल म्हणून कोणा संपादकाने ते चित्रातून काढून टाकायला सांगितले, तर चित्रकाराने सरळ नकार द्यावा आणि दोरी आणखी एक हात लांब काढावी.